स्लॅबवरचं माळवद

श्री. सांडू काकासाहेब शेजूळ. वय वर्षे बासष्ट. जन्म हैदराबादच्या पोलीस अॅक्शनच्या साली. नक्की तारीख उपलब्ध नसल्याने शाळेत दाखल करताना मास्तरांनी एक जून ही तारीख मंजूर केली. शिक्षण मॅट्रिक. पेशा सेवानिवृत्त आरेखक, पाटबंधारे खाते. सेवाकाळात वर्तणूक समाधानकारक, रजा अल्प, व्यसन सुपारीचे. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटावर काळ्या शाईचा डाग, कायम. मुक्काम चिकलठाणा. निवास स्वतःच्या मालकीच्या पक्क्या घरात. भिंती विटांच्या, फरशी शहाबादी, छत सिमेंट काँक्रीटचे, घराची स्थिती चांगली.

सरकारने सांडूबद्दल काही लिहायचं ठरवलं, तर ते असं लिहील, आणि त्याखाली सही करायला सांडूची हरकत नसेल. दुसऱ्याने पेन्सिलीने ठरवलेल्या गोष्टी शाईने पक्क्या करण्यातच त्याची नोकरी गेली.

काकासाहेब शेजुळांची आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा आईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, अशी गोदाकाठी समजूत होती. तिथून बानाबाई धनगरणीने त्याला उचलला आणि पायलीभर बाजरीच्या बदल्यात आईला परत विकला. सांडलेला म्हणून सांडू. बानाबाईच्या स्वतःच्या पोराचीही तीच गत होती. त्याची पहिली कुंची तिने दारोदार चिंध्या मागून शिवली, म्हणून तो भिकन. एक टाकलेला, एक मागितलेला. दोघंही जगले, त्यामुळे या शास्त्रावरचा गावाचा विश्वास आणखी वाढला.

गावाचं नाव देवगव्हाण. घरं सगळी माळवदाची. म्हणजे लाकडाच्या तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर चांगली हातभर पांढरी माती, धुमसून, म्हणजे ठोकून बसवलेली. ही माती गावठाणातच निघायची, खारवट आणि चिवट. मृगाच्या आधी बायका माळवदावर चढायच्या आणि जाडं मीठ फेकायच्या. मिठाने गवत रुजत नाही, गवत नसलं की मुळं नाहीत, मुळं नसली की गळती नाही. मे महिन्यात दुपारी त्या माळवदाखाली अंगावर धोतर ओढून घ्यावं लागायचं, असं सांडू सांगतो. बुडालेल्या गावाबद्दल माणूस जरा वाढवून बोलतोच, पण भिकनही हेच सांगतो, आणि भिकनला त्या गावाचा फारसा लळा नव्हता.

मॅट्रिक झाल्यावर सांडू धरणाच्या कामावर अनुरेखक म्हणून लागला. साहेबाने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरायचं आणि खालची रेघ शाईने वर घ्यायची, एवढंच काम. अक्षर चांगलं म्हणून टिपाही त्याच्याकडेच असत. स्लॅबचा नकाशा असला की उजव्या कोपऱ्यात एक टीप ठरलेली: 'वाळू गोडी व स्वच्छ असावी. मिठाचा अंश असल्यास आतील लोखंड गंजते.' ही टीप त्याने इतक्या वेळा लिहिली की ती लिहिताना तो घरच्या भाजीचा विचार करू शकत असे.

एकदा त्याच्या टेबलावर आलेल्या कागदावर धरणाचं पाणी कुठवर चढणार ती रेघ होती. नदी होती, मारुतीचं देऊळ होतं, शेजुळांची गल्ली होती, आणि रेघ या सगळ्यांच्या वरून गेली होती. सांडूने कापड पसरलं, टाचण्या लावल्या आणि रेघ वर घेतली. साहेब म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा." पुढे पाणी त्या रेघेवर बरोबर येऊन थांबलं. गावाला दुसरीकडे जागा मिळाली. सांडू नव्या गावी फारसा गेला नाही. त्याला औरंगाबादेत खात्याचं क्वार्टर मिळालं होतं.

क्वार्टरला पत्रे होते. सरूबाई लग्न होऊन आली ती पत्र्याखाली. बदल्या झाल्या, क्वार्टरं बदलली, पत्रे तेच. उन्हाळ्यात ती सकाळीच स्वयंपाक उरकायची, पोतं भिजवून खाटेवर टाकायची आणि स्वतः खाटेखाली जाऊन पडायची. मुलगा नानासाहेब लहान असताना त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच आया दुपारी खाटेखाली झोपतात.

एका मे महिन्यात टँकरच्या रांगेत सरूबाई हंड्यासकट खाली बसली ती उठली नाही. दवाखान्यात तिला बर्फात ठेवली. शुद्धीवर आली, पण पूर्वीसारखी झाली नाही. जरा उकडलं की तिची जीभ जड व्हायची आणि ती नानासाहेबाला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायची. डॉक्टरांनी सांडूला बाहेर घेऊन सांगितलं, "हिला पुन्हा ऊन लागता कामा नये. आणि ऊन लागायला उन्हातच जावं लागतं असं नाही. पत्र्याखाली बसूनसुद्धा लागतं. पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही."

घरी आल्यावर सांडू म्हणाला, "सरू, घर बांधतो. थंड घर."

"बांधा," सरूबाई म्हणाली. "तवर त्या पंख्यात तेल घाला. लई कुरकुर करू राह्यला."

खात्यात बद्रीनाथ नावाचे एक उपअभियंता होते. इराकमध्ये कुठल्याशा कंपनीच्या कामावर काही वर्षं काढून आलेले. तिथल्या वाळवंटाबद्दल ते आपल्या आजोळाबद्दल बोलावं तसे बोलायचे. "शेजूळ, आपण घर बांधतो ते दाखवायला," ते म्हणायचे. "वाळवंटातला माणूस घर बांधतो ते लपायला. भिंत जाड, खिडकी बारकी आणि उंचावर, मधे चौक. पश्चिमेला काही म्हणजे काही ठेवायचं नाही. सूर्याला पाठ दाखवायची."

सांडूने हे मनावर घेतलं. चिकलठाण्याला प्लॉट घेतलेला होता. त्यावर त्याने पुढची बरीच वर्षं कागदावर घर बांधलं आणि खोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्याची रेघ गिरवत नव्हता, त्यामुळे त्याला थांबायचं कुठं ते कळेना. चौक कधी मधे आला, कधी उत्तरेला सरकला. पश्चिमेची भिंत दुहेरी झाली, मधे हात जाईल एवढी पोकळी. सरूबाई कागद बघायची आणि विचारायची, "यात माझी खाट कुठं?" तो बोट ठेवायचा. पुढच्या कागदावर खाट आणखी आत गेलेली असायची.

शेवटी बांधकाम निघालं तेव्हा चिकलठाण्यात चर्चा झाली. मिस्त्री गारखेड्याचा, जुना माणूस. पश्चिमेची कोरी भिंत चढवताना तो म्हणाला, "शेजूळसाब, घर बांधरे के किल्ला? दुश्मन किधर से आनेवाला?"

"पश्चिमेकडून," सांडू म्हणाला. "रोज दुपारी."

नानासाहेब तोवर एका कंपनीत सुपरवायझर झाला होता. त्याला समोरून काच हवी होती. "दादा, लोक विचारतात, तुमचे वडील गोडाऊन बांधू राह्यले का म्हणून."

"त्यांना म्हणावं, व्हय. त्यात तुझी आई ठेवायची आहे."

छत मात्र स्लॅबचंच करावं लागलं. तुळया कुठून आणणार, माळवद बसवणारे हात कुठे उरले होते, आणि मातीच्या छताचा नकाशा पास कोण करणार? सांडूने स्लॅबमध्ये लोखंड गरजेपेक्षा जास्त टाकलं. पुढंमागं वर वजन आलं तरी सोसावं, असा हिशेब होता.

पहिल्या उन्हाळ्यात घराने आपलं काम केलं. भिंतींना हात लावला तर गार लागायच्या. चौकातल्या रांजणावरून आलेला वारा खोलीत यायचा. पण स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी दिवसाचं सगळं खाली ओतायचा. गल्लीतले लोक स्लॅबवर बादल्यांनी पाणी मारायचे. चिकलठाण्यात प्यायला नळ आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हा स्लॅबला पाणी पाजणं सांडूला जमेना. सरूबाई आतल्या खोलीत, नकाशावर ठरलेल्या जागी, खाटेवर पडून वर बघायची.

"भिंती चांगल्या झाल्या," ती म्हणाली. मग खाटेवरून उतरली आणि खाटेखाली गेली.

त्यानंतरचं साल दुष्काळाचं. धरण आटलं. भिकन अजूनही मेंढ्या राखायचा आणि पाणी मागे सरेल तसा कळप घेऊन उघड्या पडलेल्या गाळावर फिरायचा. तो एक दिवस चिकलठाण्याला आला, चौकात बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सांडू, गाव वर आलं."

दोघं गेले. भेगाळलेल्या गाळात मारुतीच्या देवळाचा चौथरा दिसत होता. शेजुळांच्या घराची नुसती ओळ उरली होती, दगडांची. भिकन आपली काठी टेकत सगळीकडे फिरला आणि एका ठिकाणी उभा राहिला.

"हा उकिरडा," तो म्हणाला. "इथून आमच्या मायनं उचलला तुला. लई महागात पडला. पायलीभर बाजरी."

"ती आमच्या आईनं दिली होती. तुमच्या घरची नाय गेली."

"तुला संभाळायचा तरास धर ना मग."

सांडू खाली बसला. काठीने गाळ उकरला. वरचा काळा थर निघाला आणि खाली पांढरी माती लागली, गावठाणाची. तो ती हातात घेऊन बराच वेळ बसून राहिला. भिकनला वाटलं, याला आईबाप आठवले. सांडू मनात स्लॅबचं क्षेत्रफळ काढत होता.

ट्रॅक्टरने माती आली. शेजारपाजारचे बघायला जमले. वजनाचा हिशेब सांडूने दोनदा केला होता आणि तो बरोबर होता. वीतभर थर, भिजवून, तुडवून, धुमसून. भिकनची बायको सुगंधाबाई आणि तिच्या जावा आल्या. तुडवताना त्यांचे पाय आपोआप जुन्या चालीने पडत होते. सरूबाई खाली खाटेवर बसून छतातून येणारा धबधब आवाज ऐकत होती.

पहिल्या पावसात स्लॅबवर गवत उगवलं. हिरवंगार, दाट वाढलेलं. नानासाहेब म्हणाला, "दादा, आता वर दोन शेळ्या बांधा." सांडू हसला नाही. त्याने भिकनला बोलावलं.

भिकनने मातीचा खडा जिभेला लावला. "खार गेला हिचा," तो म्हणाला. "इतकी वर्षं पाण्यात. गोडी झाली माती. मीठ मार."

"किती?"

"आपल्या आया मारायच्या तेवढं. हात राखून नको."

सांडूने मोंढ्याच्या बाजारातून जाड्या मिठाची पोती आणली आणि स्वतः वर चढून फेकलं. दर साली मृगाच्या आधी तो वर चढून पुन्हा फेकायचा. आईने फेकायची तसं, कमरेतून वाकून, मूठ सैल सोडत. पाऊस पडला की मीठ विरघळून मातीत जायचं, आणि गवत एक पातं उगवायचं नाही. ज्या माणसाने सबंध नोकरीभर नकाशाच्या कोपऱ्यात मिठाची ती टीप लिहिली, तोच हा माणूस. टीप स्लॅबची होती आणि मीठ माळवदाचं. या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एका कागदावर आल्याच नाहीत.

घर थंड झालं. हे नोंदवलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यामुळे झालं. मे महिन्यात दुपारी आतल्या खोलीत सरूबाई खाटेवर झोपायची, पदर अंगावर ओढून. जीभ जड व्हायची थांबली. नानासाहेबाला ती नानासाहेबच म्हणू लागली. शेजारच्या मनकर्णाबाई निवडायचे तांदूळ घेऊन तिच्याकडे यायच्या आणि संध्याकाळपर्यंत उठायच्या नाहीत. बद्रीनाथ साहेब निवृत्त होऊन काठी टेकत आले, खोलीच्या मध्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "शेजूळ, बगदादेत हे घर असतं तर लोक बघायला आले असते."

"इथंही येतात," सरूबाई म्हणाली. "उठतच नाहीत."

असे काही उन्हाळे गेले. आयुष्यात तिला मिळाले ते एवढेच.

मग आतल्या खोलीच्या छताला तपकिरी ओघळ दिसला. सांडूने चुना लावला. ओघळ चुन्यातून वर आला. मग बारीक चीर गेली, सरळ, पट्टीने ओढावी तशी. सांडू ती चीर रोज बघायचा. ती कशाच्या वरून जाते हे त्याला माहीत होतं. आतल्या सळ्यांची जागा त्यानेच ठरवली होती. एका सकाळी सरूबाई चहा ठेवायला उठली आणि तिच्या मागे उशीवर छताचा ताटाएवढा तुकडा पडला.

नानासाहेबाने एक तरुण इंजिनिअर आणला. त्याने हातोडीने छत वाजवत सगळं घर फिरून घेतलं. बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज आला. पडलेल्या जागेतून सळई दिसत होती. त्याने नखाने खरवडली तर पापुद्रे निघाले.

"वर काय आहे?" त्याने विचारलं.

"माती," सांडू म्हणाला.

"मातीनं एवढं होत नाही. आणखी काय?"

सांडूने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी त्याला ती टीप दिसली. स्वतःच्या अक्षरात, उजव्या कोपऱ्यात. तो ओट्यावर जाऊन बसला. उत्तर सरूबाईने दिलं.

"मीठ," ती म्हणाली. "दर साली."

इंजिनिअरने हातोडी पिशवीत टाकली. जाताना नानासाहेबाला म्हणाला, "स्लॅब पाडावा लागेल. तोवर आत कुणी जाऊ नका. कधी पडेल सांगता येत नाही."

स्लॅब पाडून पुन्हा टाकण्याची ऐपत सांडूची नव्हती, आणि नानासाहेब स्वतःच्या फ्लॅटच्या हप्त्यांत होता. त्याने आईला फ्लॅटवर नेलं. तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला काच. एसी होता, पण वीज जायची, आणि गेली की काचेतून ऊन खोलीत येऊन बसायचं. सरूबाई चार दिवसांत परत आली. मग नानासाहेबाने अंगणात, भिंतीला लागून, तात्पुरती खोली उभी केली. विटांच्या भिंती, वर पत्रे.

सांडूने घराला कुलूप लावलं. मेच्या सुरुवातीला सरूबाई त्याला म्हणाली, "दुपारचं तेवढं मला आत झोपू द्या."

"पडेल तो."

"पडला तर पडला. गारव्यात तर जाईन."

"सरू, तुला दगडाखाली घालायला घर बांधलं का मी?"

"मग कशाला बांधलं?"

त्याने किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली, म्हणजे तो झोपेत असला तरी तिला काढून घेता येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी, पत्र्याची खोली जरा तरी निवावी म्हणून, वाळ्याचे पडदे आणायला तो गुलमंडीला गेला. पहिल्या दुकानात नव्हते. दुसऱ्यात होते ते तोकडे निघाले. दुकानदार म्हणाला, "आता कूलर घेतात लोक, काका." सांडूने दारं-खिडक्यांची मापं कागदावर काढून आणली होती. त्या मापाचे पडदे मिळेपर्यंत तो हिंडला, आणि पडदे बगलेत धरून भर उन्हात बसने परत आला.

सरूबाई पत्र्याच्या खोलीत नव्हती. ती घराच्या ओट्यावर होती, बंद दाराला पाठ लावून बसलेली. दाराच्या खाली बोटभर फट होती. त्या फटीतून आतला गारवा येतो, हे सांडूला माहीत होतं. ती फट नकाशात त्यानेच ठेवली होती, हवा फिरावी म्हणून. सरूबाईने तळहात त्या फटीशी धरले होते. अंग कोरडं आणि तापलेलं होतं. त्याने हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले आणि त्याला आपल्या भावाच्या नावाने हाक मारली.

किल्ली त्याच्या करगोट्यालाच होती. गाठ लवकर सुटेना. त्याने कुलूप काढलं, तिला आत नेलं, खाटेवर निजवलं, रांजणातलं होतं तेवढं पाणी अंगावर घातलं. स्लॅब वर तसाच होता. रिक्षा येईपर्यंत दोघं आत होते आणि काही पडलं नाही. दवाखान्यातून ती परत आली नाही.

सरूबाईचे दिवस झाल्यावर भिकन आला. दोघं पत्र्याच्या खोलीच्या दारात बसले. भिकन म्हणाला, "मिठाचं मीच बोललो होतो, सांडू."

"लिहिलेलं माझ्यापाशी होतं," सांडू म्हणाला.

नानासाहेब फ्लॅटवर चला म्हणतो. सांडू जात नाही. वाळ्याचे पडदे त्याने पत्र्याच्या खोलीला लावले. मापाला बरोबर बसले. सकाळी तो कुलूप काढून घर झाडतो, चौकातला रांजण भरतो, पुन्हा कुलूप लावतो. माळवदावर मीठ टाकायचं त्याने सोडलं, तरी अजून तिथे काही उगवत नाही.

यंदा जनगणनेच्या शिक्षिकाबाई आल्या, आशाबाई नावाच्या, छत्री घेऊन, घामाने निथळत. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "काका, छत कशाचं?"

"काँक्रीट."

"घराची स्थिती? चांगली, बरी, मोडकळीला आलेली?"

सांडूने वर बघितलं. बाईंनीही बघितलं. बाहेरून घर भक्कम दिसत होतं. तसं ते कायमच दिसायचं.

"चांगली लिहिते," बाई म्हणाल्या. "आत राहणारे किती?"

"कुणी नाय," सांडू म्हणाला. "मी तिकडं पत्र्याखाली."

बाईंनी 'एक' असं लिहिलं. हाही उन्हाळा गेला. स्लॅब अजून पडलेला नाही.